मंद्रूपच्या आजोबांचा पाचवा प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, मी तापट माणूस आहे आणि माझ्या तापटपणाला कारण आहे. सोलापूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत माझी सगळी नोकरी गेली. खिडकी म्हणजे एक काच, काचेला खाली अर्धगोल भोक, भोकाच्या आत मी आणि बाहेर अख्खा जिल्हा. या जिल्ह्यातल्या यच्चयावत माणसांनी त्या भोकात तोंड घालून मला एकच प्रश्न विचारलेला आहे, "सायेब, गाडी लागली का?"

गाडी समोर उभी असते. तिच्या कपाळावर पाटी असते. दारात कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडत असतो. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं आणि अर्ध्या मिनिटापूर्वी मीच भोंग्यातून सांगितलेलं असतं. तरी माणूस येणार, भोकात तोंड घालणार आणि विचारणार. आपण सांगितलं की वर म्हणणार, "नक्की का?" निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी घरात कुणी एकच गोष्ट दोनदा विचारली की माझ्या कपाळाची शीर उडते.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "काहीतरी गमतीदार लिहा. तुम्ही म्हणे स्टँडवर माइकवरून लोकांना हसवायचात." हसवायचो. त्यातली एक गोष्ट सांगतो. ती कितपत गमतीदार आहे ते तुम्हीच ठरवा.

आजकाल नातवंडं रात्री उशिरापर्यंत टीव्हीवर हसवणाऱ्या माणसांचे कार्यक्रम बघतात. सुटाबुटातला एकजण येतो, टेबलामागं बसतो, पाहुण्यांची फिरकी घेतो. मी ज्या काळाबद्दल सांगतोय तेव्हा सोलापुरात टीव्ही नव्हता. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. माझं नुकतंच लग्न झालेलं. दुसरी पाळी संपवून घरी यायचो, भाकरी खायचो आणि सासऱ्यांनी दिलेला रेडिओ लावायचो. तो तापायलाच पाच मिनिटं घ्यायचा. मग खरखरीतून एका माणसाचा आवाज यायचा. श्रोत्यांची पत्रं वाचून त्यांना उत्तरं द्यायची, एवढाच त्याचा कार्यक्रम. लोक त्याला रात्रीचे मास्तर म्हणायचे.

मास्तर कधी हसायचे नाहीत. मयताला आल्यासारख्या आवाजात बोलायचे आणि आपण इकडं पोट धरून लोळायचं. एका बाईंनी लिहिलं होतं की तुमचा कार्यक्रम ऐकता ऐकता आमचे यजमान घोरायला लागतात. मास्तर म्हणाले, "त्यांना उठवू नका. माझ्यामुळं निदान एका माणसाचं तरी भलं होतंय." दुसऱ्या एकानं तक्रार केली की तीन वर्षं पत्रं पाठवतोय, तुम्ही एकही वाचलं नाही. मास्तर म्हणाले, "चांगली पत्रं मी घरी नेतो." बस्स. पुढचं पत्र.

मला त्या माणसानं वेड लावलं. त्याआधी विनोद म्हणजे आमच्याकडं कुणीतरी चिखलात पडणं, नाहीतर तमाशातली आरडाओरड. न हसता, आवाज न चढवता माणसाला हसवता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी आरशासमोर उभा राहून तो आवाज काढून बघायला लागलो. बायको, म्हणजे सुरेखा, कुंभारीची. ती भांडी घासता घासता ऐकायची. एकदा म्हणाली, "तुमचा मास्तर सोताला चिमटा काढतोय वो. तुमी लोकास्नी काढताय." मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. नवीन नवरा होतो, असली वाक्यं तोंडात तयार असायची.

ती तसं म्हणाली, कारण तोवर माझ्या हातात माइक होता आणि मी सुरू झालो होतो.

चौकशीच्या कामात एक नियम असतो. घोषणा दोनदा करायची. मला ज्यांनी काम शिकवलं ते म्हणायचे, "पहिल्यांदा सांगितलं की लोक शेजाऱ्याला विचारतेत, काय म्हणाला रे? दुसऱ्यांदा सांगितलं की ऐकतेत." आमच्या स्टँडवर तर मराठीवाले, कानडीवाले, विणकर वस्तीतले तेलुगूवाले, दखनीवाले, सगळे एका भोंग्याखाली. दोनदा सांगूनही भागायचं नाही, म्हणून तर खिडकी. मी स्वतः घरी आईशी कानडीच बोलायचो. पण खिडकीत बसलो की मराठी, आणि तीही मास्तरांसारखी, धुतलेली, इस्त्री केलेली. खाकी कपड्यांवर ती शोभते असं मला वाटायचं.

आणि गिऱ्हाइकं तरी कसली. एकजण तीन माणसांना विचारायचा, तिघांचं उत्तर एक आलं तरच गाडीत चढायचा. मी सांगितलेलं त्याच्या हिशेबी एकच मत. एकाची गाडी चुकली तर तो मला रागानं म्हणाला, "उद्याबी अशीच येळेवर सोडनार का?" एका बाईनं विचारलं, ही गाडी कुटं जाती? म्हटलं, कुर्डुवाडीला. मग केमला जानारी कुटं जाती? म्हटलं, केमला. तर म्हणाली, "मग नीट सांगा की आदी." आता मला सांगा, या खिडकीत साधुसंत बसवला असता तरी त्यानं कमंडलू फेकून मारला असता.

मी माइकवरून वचपा काढायला लागलो. "अक्कलकोटची गाडी आज वेळेवर सुटत आहे. प्रवाशांनी घाबरून जाऊ नये." "ज्या गृहस्थांनी बार्शीच्या गाडीबद्दल तिघांना विचारलं, त्यांनी चौथं मत घेण्यासाठी खिडकीवर यावं." सगळं मास्तरांच्या आवाजात. स्टँड हसायचं. कँटीनवाला चहाचे पैसे घेईना झाला. कॉलेजची पोरं गाडी नसताना येऊन बाकावर बसायला लागली. मी फुगलो. फक्त एक अडचण होती. विनोद दोनदा सांगितला की मरतो. मास्तर काही एकच पत्र दोनदा वाचायचे नाहीत. म्हणून हळूहळू मी घोषणा एकदाच करायला लागलो. नियम मोडतोय हे मला कळत होतं आणि तरी मी मोडला.

तो मंगळवार होता, सोलापूरच्या बाजाराचा दिवस. दुपारची वेळ, पाय ठेवायला जागा नाही. खिडकीत एक म्हातारा आला. अंगात बंडी, डोक्याला पटका, कपाळाला भस्म. हाताला धरलेली पाचेक वर्षांची नात, परकर-पोलक्यातली. त्यांची लेक सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती आणि थोरलीला धाकटा भाऊ दाखवायला म्हातारबा घेऊन आले होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सायेब, मंद्रूपची गाडी कुटं लागती?"

"चारला."

पाच मिनिटांनी परत. "मंद्रूपची चारला का?" हो, चारला. परत. मग चौथ्यांदा. मराठी अडखळत होती. शब्द जुळवून जुळवून विचारत होते. मी कानडीत एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. पण मागं रांग लागली होती, डोकं फिरलं होतं आणि माइक समोर होता. मी बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मंद्रूपच्या आजोबांचा एकच प्रश्न चौथ्यांदा आलेला आहे. उत्तरही चौथ्यांदा तेच आहे, फलाट क्रमांक चार. पाचव्यांदा विचारल्यास गाडी घरपोच मिळेल."

अख्खं स्टँड हसलं. म्हातारबांनी आधी वर भोंग्याकडं बघितलं, मग लोकांकडं. सगळे आपल्याकडं बघून हसतायत हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तेही थोडं हसले. पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं, नातीला घेतलं आणि खिडकीपासून लांब, यल्लव्वा शेंगावालीच्या पाटीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांचं हसू बघून मला वाटलं, विनोद लागू पडला.

त्यानंतर थोड्याच वेळात चार नंबरला अक्कलकोटची जादा गाडी लावावी लागली आणि मंद्रूपची सातला गेली. हे रोजचंच असतं. मी घोषणा केली, "मंद्रूपची गाडी चार नंबरवर रुसली असून सात नंबरला जाऊन बसली आहे." एकदाच. लोक हसले. त्या हशात शेवटचं किती जणांनी ऐकलं, देव जाणे.

आता बाहेरच्या वाचकाला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. गाडीत जागा धरायची ती दारातून नाही, खिडकीतून. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा तुमची, हा कायदा कलेक्टरसुद्धा मोडत नसे. पण रुमाल एखादा द्वाड माणूस उचलून फेकू शकतो. म्हणून जाणती माणसं खिडकीतून पोर आत सोडायची. पोराला कोण फेकणार? कुठल्या गाडीच्या खिडकीचा गज निघालाय हे लोकांना पाठ असायचं. म्हातारबांनी चार नंबरला लागलेली गाडी मंद्रूपचीच समजून तिच्या तसल्याच खिडकीतून नातीला आत सोडलं, सांगितलं, दोन जागा धर, आणि यल्लव्वाजवळ ठेवलेलं गाठोडं आणायला वळले. तेवढ्यात गाडी मागं सरकली आणि गेली.

ते ओरडले नाहीत. इथंच सगळं आलं. गाडी मागं घेऊन दुसऱ्या फलाटाला लावतात, हे त्यांनी हजारदा बघितलेलं. आता लावतील परत, म्हणून ते गाठोडं घेऊन उभे राहिले. पंधरा मिनिटं. खिडकी त्यांच्यापासून वीस पावलांवर होती. यल्लव्वा म्हणालीसुद्धा, "इचारून या की." ते म्हणाले, "नगं."

शेवटी मंद्रूपचा कंडक्टर सात नंबरवरून ओरडायला लागला तेव्हा ते तिकडं गेले, एकेक खिडकी बघत गाडीभोवती फिरले आणि मग त्या कंडक्टरनंच त्यांना धरून माझ्यासमोर आणलं. "ह्यांची नात अक्कलकोटच्या गाडीत गेली."

अक्कलकोटचा रस्ता म्हणजे कुंभारी, वळसंग, मध्ये वस्त्या, फाटे, हात दाखवा तिथं गाडी थांबणार. पोर कुठं उतरली, कुणी उतरवली, कुणाच्या हाताला लागली तर? अक्कलकोट स्टँडला फोन जोडायला घेतला तर लाइन लागेना. साहेबांना सांगायला पळालो. आमचे स्थानकप्रमुख काळे साहेब, शिस्तीचा माणूस, त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "पुढची गाडी आत्ता सोडा." त्या रस्त्याची पुढची गाडी वेळेच्या आधी सोडली. ड्रायव्हरला सांगितलं, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात कर, थांबव, निरोप दे. तेव्हा आमचा बिनतारी संदेश असाच चालायचा, ड्रायव्हरच्या तोंडून ड्रायव्हरच्या कानात.

मग वाट बघणं. मी खिडकीतून उठून बाहेर आलो आणि म्हातारबांच्या शेजारी बाकावर बसलो. त्यांचं नाव इरप्पा. ते रडत नव्हते. गाठोडं मांडीवर घट्ट धरून फाटकाकडं बघत होते. मी कानडीत म्हटलं, काळजी करू नका, गाडी पाठवलीय.

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. "तुमाला कन्नड येतं?"

"येतं."

ते काही बोलले नाहीत. परत फाटकाकडं बघायला लागले. नोकरीत मला मेमो मिळाले, शिव्या मिळाल्या, एकदा चप्पलही मिळाली. पण त्या न बोलण्याइतकं मला काहीच लागलं नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मध्येच ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ती उतरनार न्हाई. जागा सोडू नकू म्हनून सांगितलंय तिला."

आणि तेच खरं झालं. तासाभरानं अक्कलकोटकडून एक गाडी आत शिरली आणि तिच्या कंडक्टरच्या कडेवर पोर होती. नीलव्वा तिचं नाव. गाडी कुंभारीपर्यंत गेली तरी ती एका जागेवर बसून दुसऱ्या जागेवर दोन्ही तळवे दाबून होती. माणसं उभी होती, एका जाड्या गृहस्थानं बसायचा प्रयत्न केला तर त्याच्या हाताला चावली म्हणे. ज्यानं विचारलं, त्याला एकच उत्तर, "अज्ज बरतान." आजोबा येतायत. सगळ्यांना वाटलं, आजोबा मागं गर्दीत उभे असतील. तिकिटं फाडत कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला कुंभारीजवळ, आणि तेव्हा कळलं की गाडीत आजोबाच नाहीत. त्यानं तिला कुंभारीत उतरवून समोरून येणाऱ्या गाडीत बसवलं. आमचा निरोप पोचायच्या आधीच पोर परत निघाली होती.

खाली ठेवल्यावर ती आजोबांवर भडकली. मी जागा धरली आणि तुम्ही आलाच नाही, असं कानडीत तडातडा बोलत होती. इरप्पा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

काळे साहेब बाहेर आले. त्यांनी इरप्पांना विचारलं, तक्रार लिहून द्यायची आहे का? माझा जीव टांगणीला. नवीन संसार, नोकरी अजून पक्की नाही. इरप्पा म्हणाले, "तक्रार कशाची? सायेबांनी चार बार सांगितलं हुतं. चूक माजी हाय. गाडी हलली तवाच इचारायला पायजे हुतं. पन म्हनलं, पाचव्यांदा कसं इचारायचं."

साहेब आत गेले. त्यांना यातलं अर्धं कळलं असेल. मला पूर्ण कळलं. मंद्रूपची गाडी लागली होती. मी स्वतः दोघांना नेऊन जागेवर बसवलं.

त्या रात्री रेडिओ लावला. मास्तरांनी कुणाचं तरी पत्र वाचलं. अक्षर इतकं वाईट होतं म्हणे की वाचायलाच येईना. मला वाटलं, आता याची खोड काढणार. मास्तर म्हणाले, "माझ्या बायकोनं वाचून दाखवलं. तिला माझ्या अक्षराची सवय आहे." मी हसलो नाही. सुरेखानं विचारलं, काय झालं? तिला सगळं सांगितलं. ती 'मी म्हनलं हुतं' असं म्हणाली नाही, हे तिचे उपकार.

माझं माइकवरचं बोलणं बंद झालं. घोषणा दोनदा, सरळ, आणि मंद्रूप-अक्कलकोट बाजूची असेल तर तिसऱ्यांदा कानडीत. कॉलेजची पोरं दुसरीकडं बसायला गेली. कँटीनवाला चहाचे पैसे घ्यायला लागला.

इरप्पा दर मंगळवारी बाजाराला यायचे. खिडकीवरून जाताना हात जोडून "नमस्कार री" म्हणायचे. पण खिडकीत येऊन कधी विचारायचे नाहीत. यल्लव्वाला विचारायचे. तिला काय माहीत? ती पाटी टाकून माझ्याकडं यायची, "आजोबा इचारतेत, मंद्रूप कुटं?" इरप्पा तीन हातांवर उभे. मी आवाज चढवून त्यांच्याकडं बघत तिला सांगायचो, "चारला." ती परत जाऊन त्यांना सांगायची, "चारला म्हनतेत." ते मान हलवायचे. दर मंगळवारी हे नाटक. ज्या प्रश्नाला मी उभ्या जन्मात कावलो होतो, तो या एका माणसानं मला विचारावा म्हणून मी तडफडत होतो. यल्लव्वा तर वैतागून म्हणाली, "तुमचं दोगांचं काय हाय ते मिटवा एकदाचं. माज्या शेंगा जातेत चोरीला." मी काय मिटवणार? माफी मागायला गेलो तर ते म्हणायचे, "कशाची वो?"

असे कितीतरी महिने गेले. मग एका मंगळवारी भोकात एक तोंड आलं. पटका, भस्म.

"सायेब, मंद्रूपची गाडी कुटं लागती?"

मी कानडीत सांगितलं, चारला, अजून वीस मिनिटं आहेत. ते गेले. पाच मिनिटांनी परत आले. तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिलं. परत आले. मागं रांग वाढत होती, लोक कुरकुरायला लागले होते. चौथ्यांदा आले. मी चौथ्यांदाही पहिल्यासारखंच सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. देवाशप्पथ, कपाळाची शीर जागची हलली नाही. तेवढ्यात गाडी चारला लागली. नीलव्वा आत जागा धरून बसलेली मला इथून दिसत होती.

इरप्पा पाचव्यांदा आले. भोकात तोंड घातलं. प्रश्न विचारला नाही. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मंद्रूपच्या आजोबाचा प्रश्न पाचव्यांदा आलेला हाय. गाडी घरपोच पायजे."

आणि वळून, गाठोडं खांद्यावर टाकून, सावकाश गाडीकडं चालायला लागले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. मास्तरांना सगळ्या जन्मात जमलं नसेल असं. मी टेबलावर डोकं ठेवून हसलो. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते थांबेनात.

रांगेतल्या पुढच्या माणसानं भोकात तोंड घातलं. "हसताय काय सायेब? मंद्रूपची गाडी लागली का?"

"लागली," मी म्हटलं. "चारला. चार नंबरला."